स्थापनेचा रकाना

राजधानीहून आलेल्या पोराच्या मांडीवर अर्ज आहे.
व्यावसायिक परवाना. पान पहिलं, रकाना तिसरा:
क्लब कधी स्थापन झाला?
सेवजिद चहा ओतते, मीठ घातलेला.
“कितव्यांदा?” ती विचारते.

लिही, कोळशाची इंजिनं होती तेव्हा.
सैनशांदच्या शेडमधले नऊ जण,
दोघं टपाल कचेरीतून उसने,
समोर छावणीतले रशियन शिपाई,
ज्यांच्याकडे बूट होते.
अकरा-शून्य.
आमच्या गोलात झाग्द. फायरमन माणूस,
जन्मभर भट्टीत आत ढकलत आलेला,
बाहेर काही अडवायची सवयच नव्हती त्याला.
जाळं माझ्या आईने वळलं होतं, उंटाच्या केसांचं.
चेंडू परत यायचा तो वास घेऊन.

नाहीतर सदरे आले ते साल धर.
इस्पितळाच्या चादरींचे.
आकडे इंजिनाच्या तांबड्या रंगाने काढलेले;
धुतले की असे ताठ
की सात नंबर कोपऱ्यात एकटा उभा राही,
आत माणूस असल्यासारखा.
नाव तेव्हा पडलं, साल्खी. म्हणजे वारा.
हौसेने नाही ठेवलं. इथे दुपारनंतर वारा उठतो,
ज्याच्या तोंडावर येईल तो हरतो.
नाणेफेक जिंकणं, एवढाच आमचा डावपेच.

मग एका हिवाळ्यात छावणी रिकामी झाली.
जाताना त्यांनी खिडक्यासुद्धा नेल्या.
दुकानांत मीठ उरलं, फक्त मीठ,
आणि गोलचे लोखंडी खांब
भंगाराच्या डब्यातून सरहद्दीपार गेले.
कुणी विकले ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे.
पुढे त्यालाच खजिनदार केला आम्ही;
भाव चांगला काढला होता त्याने.

अकरा वर्षं सामना नाही.
पण हे नीट लिही: क्लब बंद नव्हता.
बंद करायलाही कुणीतरी यावं लागतं.
मे महिन्यात धुळीची वादळं सरली
की मी सदरे काढायचे, धुवायचे, दोरीवर.
तसं बघू नकोस माझ्याकडे.
कसर लागते लोकरीशेजारी, म्हणून.

पोराचं पेन अजून उघडंच.

मग खाणीचा कंत्राटदार आला, त्याने पैसे ओतले.
हिरवळ गुंडाळी करून ट्रकमधून आली,
सतरंजीसारखी अंथरली. पहिल्या रात्री
बकऱ्या आल्या, हुंगलं, निघून गेल्या.
घानाचा एक पोरगा आणला, क्वाबेना.
सहा गोल केले त्याने,
एक तर वाऱ्याच्या विरुद्ध.
तीन महिन्यांचा पगार राहिला त्याचा.
मी त्याला उंटाच्या लोकरीचे मोजे दिले होते,
ते हिशोबात धरू नका.
निघताना त्याने जुना सात नंबर मागितला.
घडी होईना त्याची.
शेवटी हातात धरून नेला,
फलाटावर दोघं शेजारी उभे दिसत होते.

“आजी, चार आकडे हवेत फक्त,” पोरगा म्हणतो.
“बँकेत खातं उघडलं ते साल टाकू?”

सेवजिद खिडकीकडे बघते.
मालगाडी जातेय, डबे मोजायची जुनी खोड.
पंचेचाळीस, सेहेचाळीस.

“अकरावा गोल झाला ना,” ती म्हणते,
“तेव्हा अंधार पडत आला होता.
ते शिपाई कोट चढवून निघालेही होते.
झाग्दने चेंडू आणला, मध्यावर ठेवला,
आणि ओरडून विचारलं, पुढच्या रविवारी?
त्यांच्यातला एकजण वळून हो म्हणाला.
कोणतं साल ते मला नाही माहीत.
उन्हाळा होता. चहात दूध होतं.”

पोरगा बँकेचं साल लिहितो.
ती चष्मा लावून वाचते, मान हलवते.
“खाली लिही,” म्हणते, “सदरे दहा.”
“त्याला रकाना नाही, आजी.”
“मग मागच्या बाजूला.”